वीतभर फट आणि पायलटचा नवा ट्रॅक्टर

आमच्या गल्लीत गजराचं घड्याळ कुणी विकत घेत नाही. इतकी वर्षं गरजच पडली नाही. दूधवाला यायच्या आधी आमच्या शेजारच्या वहिनींचा आवाज उठायचा, "ये, ये, ये, ये... डावीकडे... अहो, डावं म्हणजे तुमचं डावं!... ये, ये... बस्स!" नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूला वाटायचं, इथे कुणी विमान उतरवतंय. त्याचं फारसं चुकतही नव्हतं, कारण स्टेअरिंगवर बसलेल्या वहिनींच्या यजमानांना आम्ही सगळे पायलटच म्हणतो.

पायलटनी उभा जन्म बस चालवली. पुढे जाताना या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. मागे जाताना मात्र बसच्या मागे कंडक्टरने उभं राहायचं, ओरडायचं आणि यांनी ऐकायचं. आरशात बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. "आरसा दाढीसाठी," असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर घरामागच्या तुकड्यात लिंबाची बाग केली, एक म्हातारा ट्रॅक्टर घेतला, आणि कंडक्टरची जागा वहिनींनी घेतली. वहिनी शाळेत खेळ शिकवायच्या. त्यांच्या आवाजापुढे शिट्टी लाजायची.

माझ्या आणि त्यांच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी शिंपी. मशीनवर बसून मान आखडते, म्हणून मधूनमधून भिंतीवर कोपरं टेकून उभं राहावं लागतं. डॉक्टरांनीच सांगितलंय. कोणत्या डॉक्टरांनी, ते विचारू नका. तर या भिंतीवरून मी जे पाहिलं ते सांगतो, आणि थोडं पदरचं घातलं तर पायलट आहेतच मला खोटं पाडायला.

त्यांची शेड आखूड. ट्रॅक्टर आत गेला की मागचं अवजार बाहेर उरायचं, म्हणून रोज संध्याकाळी माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर सोडायचा आणि रोज सकाळी पुन्हा जोडायचा. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन लोखंडी हात असतात आणि वर एक दांडा. हे तीन अवजाराच्या तीन पिनांवर चढले की जोडणी झाली. ऐकायला सोपं. करायला दोन माणसं लागतात: एक ट्रॅक्टरवर, एक ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मधल्या फटीत. फटीतलं माणूस म्हणजे वहिनी. "बस्स" म्हटलं की पायलट वीतभर अलीकडे थांबायचे. मग वहिनी पहारीने रोटाव्हेटर पुढे रेटायच्या, एकेक हात उचलून पिनेवर चढवायच्या, कडी अडकवायच्या, आणि हात झटकत म्हणायच्या, "जा आता, उडवा विमान."

पायलटना स्वतःला ते जमण्यासारखं नव्हतं. गियर टाकून टाकून त्यांचा उजवा खांदा गेलाय. हात खांद्याच्या वर जात नाही. बनियन घालायलासुद्धा वहिनी लागतात. हे मी सांगितलं असं सांगू नका.

मागच्या हंगामात एका सकाळी ब्रेक सुटला. वहिनींचा हात आत होता आणि म्हातारा ट्रॅक्टर तेवढा वीतभर मागे सरकला. किंकाळी नाही, काही नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, पुढे घ्या." मी भिंतीवरून उडी मारली, माझ्या वयाला न शोभणारी. मधलं बोट मोडलं होतं, नख काळंठिक्कर पडलं होतं. दवाखान्यात वहिनी डॉक्टरांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या आणि पायलट बाकावर बसून घामाने निथळत होते. नर्सला कळेना, पेशंट नक्की कोण.

बोट पट्टीत गेलं आणि घरात चर्चा सुरू झाली. वहिनी म्हणाल्या, "बोट बरं झालं की उभी राहते पुन्हा. त्यात काय?"

"नाही," पायलट म्हणाले. "तिथे कुणीच उभं राहायचं नाही."

"मग गडी ठेवा एक. दादा, सांगा हो यांना."

मी तोंड उघडायच्या आत पायलट कडाडले, "गड्याला बोटं नसतात का?"



वहिनींच्या भावाला ही बातमी लागायला वेळ लागला नाही. त्याचा बागेवर जुना डोळा. "ताई, बाग मला वाट्याने द्या. तुम्ही दोघं लेकीकडे जा, आराम करा." लेक लांबच्या शहरात सातव्या मजल्यावर राहते. गुणी पोरगी आहे, पण तिच्या घरी झाड म्हणाल तर गॅलरीतली एक कुंडी. पायलट त्या कुंडीला झारीने पाणी घालताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू आलं नाही. पण पायलटनी मेव्हण्याला शब्द दिला: कुणाला मध्ये उभं न करता अवजार जोडता येईल असा ट्रॅक्टर मिळाला तर ठीक, नाहीतर या हंगामापासून बाग तुझी. म्हातारा ट्रॅक्टर भंगारवाल्याकडे गेला. मेव्हणा दर दोन दिवसांनी फोन करून "बोट कसं आहे?" विचारायचा. बोटाची एवढी काळजी वहिनींनाही नव्हती.

शोरूमला पायलट मला घेऊन गेले. वहिनींची त्या दिवशी पट्टी सोडायची होती. निघताना त्यांनी बजावलं, "रंग कुठलाही आणा. पण माडीएवढं धूड उचलून आणू नका. दादा, लक्ष ठेवा."

लक्ष काय ठेवणार! छोटे ट्रॅक्टर ओळीने उभे, भिंतीपाशी अवजारं मांडलेली, नव्या रंगाचा आणि रबराचा वास. पायलट खेळण्याच्या दुकानात शिरल्यासारखे इकडून तिकडे. पुढे लावायचा लोडर बघितला आणि तिथेच खिळले.

"याने काय उचलणार?" मी विचारलं. "लिंबं?"

"खत उचलता येईल. माती उचलता येईल."

"आणि खड्डे घ्यायचं यंत्र कशाला न्याहाळताय? झाडं लावून झाली. आता खड्डा कुणासाठी?"

"तुमच्यासाठी," पायलट म्हणाले.

शोरूमच्या मालकीणबाई तेवढ्यात आल्या. चष्मा डोक्यावर, बोटांना वंगण, आणि चेहऱ्यावर असे दोन म्हातारे रोज बघितल्याचा भाव. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बोटाचं ऐकल्यावर चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मग आधी जोडणी ठरवा, अवजारं मागून," त्या म्हणाल्या. "लोक उलटं करतात. आधी बूट घेतात, मग पाय कापसात गुंडाळतात." त्यांनी आम्हाला मागे नेलं. पहिली साधी पिनांची जोडणी. ती आम्हाला पाठ होती. दुसऱ्या ट्रॅक्टरच्या खालच्या हातांची टोकं बाहेर ओढता येत होती. पायलटचे डोळे चमकले. "ही चालेल! रेटारेटी नाही."

"रेटारेटी नाही, पण टोक ओढायला माणूस लागणार," बाई म्हणाल्या. "उभं कुठे राहणार ते?"

पायलटनी त्या फटीकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकले.

तिसरी होती क्विक हिच. ट्रॅक्टरच्या तिन्ही हातांवर कायमची बसवलेली एक उभी चौकट, खाली दोन आकडे, वर एक. ट्रॅक्टर मागे न्यायचा, आकडे अवजाराच्या पिनांखाली घालायचे, बसल्या जागेवरून खटका ओढून उचलायचं. पिना आकड्यांत बसल्या की कड्या आपोआप लागतात. "इंजिनाच्या जोरावर रोटाव्हेटरची पाती फिरवणारा दांडा तेवढा हाताने जोडायचा," बाई म्हणाल्या. "तोही इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून. खिशात म्हणजे खिशात, ट्रॅक्टरला लटकवून नाही."

मग त्यांनी घरच्या रोटाव्हेटरची मापं विचारली. दोन पिनांमधलं अंतर किती, वरची पिन किती उंचीवर, पिना जाड किती. पायलट माझ्याकडे बघायला लागले. एवढी वर्षं रोटाव्हेटर चालवला, पण त्याची पाठ या माणसाने धड पाहिली नव्हती. तो वहिनींचा प्रांत. बरं झालं, मी सकाळीच टेप घेऊन त्याची मापं काढली होती. कंबर, छाती, उंची, सगळं. बाईंनी मापं बघितली, म्हणाल्या अंतर बसतंय, पिना बारीक आहेत, त्यांच्यावर नळ्या चढवू. चौकटीमुळे अवजार थोडं मागे जातं, तेव्हा दांडा पुरतो का ते मिस्त्री घरी येऊन बघेल.

"बसून बघा," त्यांनी मागच्या आवारात एक नवं अवजार दाखवलं आणि स्वतः फोनवर कुणाशी तरी वाद घालायला निघून गेल्या. पायलट बसले, मागे वळून बघितलं, ट्रॅक्टर हळूहळू मागे नेला, खटका ओढला. खट्! अवजार हवेत. पायलटनी ते खाली ठेवलं, पुढे गेले, पुन्हा मागे आले. खट्! तिसऱ्यांदा बाईंनी फोनवर हात ठेवून विचारलं, "घेताय की इथेच राहायला येताय?"

लोडर आणि चौकट, दोन्ही एकदम झेपणारं नव्हतं. पायलटनी लोडरच्या पाठीवर थोपटलं, पाहुण्याला स्टेशनवर सोडल्यासारखं, आणि चौकट घेतली. सोबत लहानशी ट्रॉली ओढायला मागे पट्टी. बस्स.

ट्रॅक्टर घरी आला त्याच्या दुसऱ्या सकाळी निम्मी गल्ली आमच्या भिंतीपाशी. मिस्त्री आदल्या दिवशीच येऊन पिनांवर नळ्या बसवून आणि दांडा तपासून गेला होता. वहिनी ओट्यावर. खाली पाऊल टाकायचं नाही, अशी पायलटची सक्त ताकीद. बोटाची पट्टी निघालेली, बोट जरा वाकडंच.

पायलट बसले. ट्रॅक्टर निघाला. आणि वहिनींच्या तोंडून, कुणी बटण दाबल्यासारखं, "ये, ये, ये, ये... बस्स!"

ट्रॅक्टर थांबला. पायलटनी खटका ओढला. चौकट दिमाखात वर गेली, आणि रोटाव्हेटर होता तिथेच, तिच्याकडे बघत.

"राहिला की खालीच," कोपऱ्यावरच्या न्हाव्याने खुलासा केला.

पुन्हा. "ये, ये... बस्स!" चौकट वर, रोटाव्हेटर खाली. पुन्हा. मी म्हटलं, "पायलट, त्याला हात दाखवून निरोप देताय का?" तेव्हा सगळे हसले. पाचव्या-सहाव्या खेपेला हसणारे कमी झाले. पायलटच्या कानशिलांवरून घाम ओघळायला लागला.

मिस्त्रीला फोन केला. तो आला, वहिनी त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या, आणि चहा उकळायच्या आत त्याने अवजार उचलून दाखवलं. खट्! "काका, माल एकदम ओके आहे," म्हणाला. रोटाव्हेटर पुन्हा खाली ठेवला, चहा प्यायला, गेला.

पायलट पुन्हा बसले. आता वहिनींनी ठरवून तोंडावर हात ठेवला. एक शब्द नाही. ट्रॅक्टर मागे गेला, आणि थांबला. अलीकडेच. चौकट रिकामी वर.

"अहो, मी कुठे काय बोलले?" वहिनी म्हणाल्या.

"नाही बोललीस."

"मग थांबलात का?"

"मला काय माहीत! पाय थांबतो." पायलटनी इंजिन बंद केलं. गल्लीतली माणसं कामं आठवल्यासारखी एकेक करून पांगली. पायलट स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले. शोरूममध्ये जमतं, मिस्त्रीला जमतं, आपल्यालाच आपल्या अंगणात जमत नाही, हे कुणाला सांगायचं? मग ते अगदी हळू म्हणाले, "लाव तुझ्या भावाला फोन. दिला शब्द म्हणजे दिला."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला लोडर, खड्डे, न्हावी, कसलाच विनोद सुचला नाही.

वहिनींनी फोन उचलला नाही. त्या ओट्यावरून खाली उतरल्या. "उतरू नको म्हटलं ना!" पायलट ओरडले.

"इंजिन बंद आहे. किल्ली खिशात टाका." त्यांनी टाकली. वहिनी मागे गेल्या आणि आकडे आणि पिन यांच्यामधल्या फटीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी लांबूनच, आत न घालता, आपला पंजा पसरून फटीच्या मापाला धरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. बरोब्बर वीतभर.

"दादा," त्या मला म्हणाल्या, "हे बघितलंत?"

मी बघितलं. मला मापं कळतात.

"अहो," त्या पुढे पायलटजवळ आल्या. "तुम्ही माझ्या हातासाठी जागा सोडताय."

पायलटनी मागे वळून फटीकडे बघितलं.

"इतकी वर्षं सोडलीत तेवढीच. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. त्या दिवशी ब्रेकने दगा दिला, तुम्ही नाही." त्यांनी पंजा पायलटसमोर धरला. "पण आता माझा हात तिथे नाहीये. कळलं? तिथे कुणाचाच हात नाहीये."

"ठाऊक आहे मला," पायलट म्हणाले. "पायाला कोण सांगणार?"

वहिनी खेळाच्या बाई होत्या, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने पटलं. त्या वळसा घालून ट्रॅक्टरच्या पुढे गेल्या, चांगल्या लांब, फाटकापाशी, आणि पोरांना कवायत शिकवावी तसे दोन्ही हात ताठ वर केले. दहाही बोटं पसरलेली, त्यातलं एक वाकडं.

"मोजा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बोटं मोजा. दहा आहेत का?"

"आहेत."

"मग घ्या मागे. आधी मागे बघून सरळ या. शेवटची वीतभर माझ्या हातांकडे बघत या. दादा, कुणी मध्ये येणार नाही हे तुम्ही बघा."

मी भिंतीवरून मान लांब केली. मांजरसुद्धा नव्हतं. "मोकळं आहे!" मी सांगितलं.

इंजिन सुरू झालं. पायलट मागे वळून बघत आले, सरळ, सावकाश. नेहमीच्या जागी आले आणि त्यांचा पाय ब्रेककडे निघालेला मला इथून दिसला. त्यांनी मान पुढे केली. समोर फाटकापाशी वहिनी, दोन्ही हात वर. तोंड घट्ट मिटलेलं. "बस्स" आतून दार ठोठावत असणार, पण वहिनींनी कडी काढली नाही. पायलटच्या ओठांची हालचाल दिसत होती. बोटं मोजत होते की काय कोण जाणे. ट्रॅक्टर थांबला नाही. चार बोटं सरकला. आणखी चार. लोखंडाला लोखंड टेकल्याचा मऊ आवाज आला. पायलटनी खटका ओढला.

खट्! आणि लगेच दुसरा, खट्!

रोटाव्हेटर जमिनीवरून उचलला गेला, एखाद्या जाड्या पोराला कडेवर घ्यावं तसा, आणि हवेत जरा डोलला. माझा जीव इतका भांड्यात पडला, की मी भिंतीवर चापट मारली आणि माझाच हात झिणझिणला. न्हावी कोपऱ्यावरून गिऱ्हाईक अर्धवट सोडून, वस्तरा हातात घेऊन धावत आला. गिऱ्हाईक अर्ध्या फेसासकट त्याच्या मागे.

पायलटनी इंजिन बंद केलं आणि जागेवरच बसून राहिले. त्यांच्या पाठीत इतके दिवस कुणीतरी काठी घालून ठेवली होती, ती काढून घेतल्यासारखी पाठ सैल झाली.

"अहो," फाटकापासून वहिनी म्हणाल्या, "हात खाली घेऊ का? खांदे भरून आले."

"थांब जरा."

"आता कशाला?"

"राहू दे थोडा वेळ. बघू दे."

वहिनींनी हात खाली घेतले नाहीत. गल्लीचं काय, ती बघतच होती. मग वहिनींना हसू फुटलं, पायलटही हसले, आणि मनगटाने डोळे पुसत "धूर फार सोडतो हा," असं म्हणाले. बंद इंजिनाचा धूर! मी हे वर्षभर वापरणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

त्या दिवशी पायलटनी रोटाव्हेटर किती वेळा सोडला आणि जोडला, त्याला हिशेब नाही. वहिनी फाटकापाशी, मग आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकून, मग नुसत्या खिडकीत. दुपारपर्यंत त्यांची गरजच उरली नाही, आणि पायलटच्या पायानेही ते मान्य केलं.

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला, बोटाची चौकशी करायला. वहिनी ओट्यावर बसून बोलत होत्या, आणि मी, मान आखडल्यामुळे, भिंतीपाशी होतो.

"बोट? बोट छान आहे रे... हो... नाही, बाग नाही द्यायची... का म्हणजे? झाली सोय... अरे, नाही येत मध्ये कुणी. मीही नाही... बरं, तू रागावू नको. लिंबं काढायला ये पोराबाळांना घेऊन, पिशवीभर नेशील... हो, हो, सांगते त्यांना."

त्यांनी फोन ठेवला. मागच्या बागेतून रोटाव्हेटरचा आवाज येत होता, ओळीच्या टोकापर्यंत जाणारा, वळणारा, पुन्हा येणारा. वहिनींनी वाकडं बोट दुसऱ्या हाताने हलकेच चोळलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "दादा, मान बरी झाली असेल तर चहा घ्यायला या. ते दोन ओळी झाल्याशिवाय काही यायचे नाहीत."